एक्सलंटच्या वर काय?

अप्रेझलचा महिना आला की माझ्यावर कौतुकाची सक्ती होते. हाताखालच्या प्रत्येकाबद्दल इंग्रजीत चार ओळी लिहायच्या, आणि त्या अशा की वाचून तो फुगूही नये आणि फुरंगटूही नये. एरवी मी सरसकट सगळ्यांना 'एक्सलंट' वाटून मोकळी होत असे. कोणाची तक्रार नव्हती. यंदा मात्र वरून फर्मान आलं : शेऱ्यांमध्ये वैविध्य दिसावं, एकच विशेषण सर्वांना चिकटवू नये.

म्हणजे माणसं तीच, कामं तीच, चुकाही गेल्या वर्षीच्याच. फक्त विशेषणं ताजी हवीत.

खरं सांगायचं तर सगळ्यांना एक्सलंट म्हणण्यात मुळातच घोळ आहे. हा शब्द लॅटिनमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ इतरांपेक्षा उंच असणं. उंच व्हायचं तर शेजारचा बुटका लागतो. आमच्या विभागात सगळेच एकमेकांपेक्षा उंच. हे गणित कुठल्याही तक्त्यात बसणार नाही, आणि ज्या तक्त्यात मी ते दरवर्षी बसवते त्याचंही नाव एक्सेलच. हे सॉफ्टवेअर १९८५ पासून जगाच्या मानगुटीवर आहे. त्यात दिवसभर मान मोडणाऱ्या माणसाला 'ही एक्सेल्स इन एक्सेल' असं लिहिलं, तर ते कौतुक आहे की निदान, हे त्याचं त्याने ठरवावं.

मग समानार्थी शब्दांचा कोश काढला. अशा कोशांचा मूळपुरुष पीटर मार्क रॉजे, पेशाने डॉक्टर. त्याने १८०५ साली स्वतःच्या सोयीसाठी शब्दांची यादी करायला घेतली आणि पुस्तक छापलं १८५२ मध्ये. त्याला सत्तेचाळीस वर्षं मिळाली. मला शुक्रवार संध्याकाळपर्यंतची मुदत होती.

कोशात शब्द भरपूर होते. शब्दांचा तुटवडा नसतोच. ते ज्याच्या अंगावर घालायचे त्याच्या मापाचे निघत नाहीत, ही खरी अडचण.

पहिला नंबर हिशेबनीसांचा. अत्यंत चोख माणूस. 'आउटस्टँडिंग' लिहिलं आणि लगेच खोडलं. ज्या गृहस्थांना आयुष्यभर आउटस्टँडिंग म्हणजे थकबाकी एवढंच ठाऊक आहे, त्यांच्या नावापुढे तो शब्द दिसला असता तर बिचारे घरी न जाता रात्रभर खतावण्या उलटत बसले असते. त्यांना 'सुपर्ब' देऊन पाहिलं. तर त्याचं लॅटिन मूळ निघालं गर्विष्ठ, उद्धट. हिशेबनीस तर खुर्चीवरसुद्धा परवानगी घेतल्यासारखे बसतात. 'सुपर्ब' मी बाजूला काढून ठेवला. दुसऱ्या मजल्यावर एकजण आहेत, त्यांना तो मुळासकट लागू पडेल.

सेल्सच्या पोराच्या बाबतीत मात्र कोश अगदी धावून आला. 'फॅब्युलस' म्हणजे मुळात कल्पित कथेतला. त्याची रजेची कारणं आठवली. 'फँटॅस्टिक' म्हणजे फक्त कल्पनेतच असलेला. त्याचे पुढच्या तिमाहीचे अंदाज आठवले. 'इन्क्रेडिबल' म्हणजे ज्यावर विश्वास बसणार नाही असा. त्याची प्रवासखर्चाची बिलं डोळ्यांसमोरून सरकली. तिन्ही शब्द एका ओळीत लिहिले. शेरा वाचून तो दिवसभर शीळ घालत हिंडत होता, आणि मी एक अक्षरही खोटं लिहिलेलं नव्हतं.

पण बाकीच्यांना त्यापुढचे शब्द द्यायचे म्हणजे जिवावर आलं. 'टेरिफिक' म्हणजे मुळात थरकाप उडवणारा. 'ऑसम' म्हणजे ज्याच्यापुढे माणूस भयाने आणि आदराने स्तब्ध होईल असा. देवाचा कोप, खवळलेला समुद्र वगैरेंसाठीचा शब्द. हल्ली तो कोणी 'मेल पाठवला' म्हटलं की उत्तरादाखल येतो. अर्थात आपणही काही कमी नाही. 'भयंकर आवडलं', 'भीषण गोड आहे' असं आपण घाबरल्याचं कसलंही लक्षण न दाखवता म्हणतोच. चांगलं काही दिसलं की माणसाला आधी भीती का वाटते, हे मला कळलेलं नाही. कदाचित आता त्याबद्दल इंग्रजीत लिहावं लागणार, ही ती भीती असावी.

विभागात नवा आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढं काय डोकं लावताय? माझ्यापुढे 'सिक' लिहा." मी म्हटलं, अरे, गेल्या महिन्यात तू तेवढ्याच कारणासाठी रजेवर होतास. तर त्यांच्या पिढीत 'सिक' म्हणजे एकदम भारी. 'विकेड' म्हणजेही भारी. 'इन्सेन' म्हणजे फारच भारी. त्याच्या हिशेबाने विभागातला सर्वोत्तम कर्मचारी आजारी, दुष्ट आणि वेडा हवा. असे आमच्याकडे आहेत, पण त्यांचं कौतुक मी करणार नाही.

शब्दांचा भरवसा तरी काय धरायचा! 'इग्रीजस' या शब्दाचा मूळ अर्थ कळपातून उठून दिसणारा. इंग्रजीत तो एकेकाळी मानाने वापरला जाई. आता घोडचुकीच्या आधी लावतात. उलट 'नाइस' लॅटिनमधून निघाला तेव्हा अडाणी होता, मध्ययुगीन इंग्रजीत काही काळ मूर्ख होता, आणि मग काहीही न करता सज्जन झाला. अशी बढती मी ऑफिसातही पाहिली आहे.

मला खरं तर हिशेबनीसांपुढे 'अफलातून' लिहायचं होतं. अरबीत प्लेटोला अफलातून म्हणतात. फारसीच्या वाटेने तो तत्त्वज्ञ आपल्याकडे विशेषण होऊन आला. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या विचारवंताला आपण वडे आणि लावण्यांच्या कौतुकाला जुंपलं, याहून त्याचा मोठा सन्मान मला सुचत नाही. पण फॉर्म इंग्रजीत. 'ही इज प्लेटो' लिहिलं असतं तर वरून विचारणा झाली असती, की हे कुठल्या विभागात असतात? शेवटी हिशेबनीसांना 'एक्सलंट'च लिहिलं. त्यांनी येऊन आभार मानले आणि जाताना विचारलं, "गेल्या वर्षीपेक्षा काही कमी नाही ना?"

फॉर्म गेले. मग साहेबांनी माझ्याबद्दल लिहिलेला शेरा आला. दोनच शब्द : 'क्वाइट गुड.'

आता इथे गोम अशी, की अमेरिकन माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला तर त्याचा अर्थ खूपच चांगलं. ब्रिटिश माणूस म्हणाला तर बरं आहे, चालवून घेऊ. साहेब काही वर्षं अमेरिकेतही होते आणि काही वर्षं ब्रिटनमध्येही. विचारायची सोय नाही. मी त्यांच्या जुन्या ईमेल काढून स्पेलिंग तपासली. 'कलर'मध्ये कधी यू आहे, कधी नाही. चहाच्या वेळी ते चहा घेतात की कॉफी, यावरही पाळत ठेवली. ते लिंबूपाणी घेतात.

महिनाअखेरीस पगारवाढीचं पत्र हातात पडलं.

ब्रिटिश.