सोपा गट, टणक मैदान आणि मुलींचे गुडघे

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘भारताचा महिला फुटबॉल संघ आशियाई चषकाला पात्र ठरला, कारण गट सोपा होता. आपल्या उन्हात, टणक मैदानावर मुलींना फुटबॉल खेळवू नका, गुडघे जातात.’

आधी गट. मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0. इथवर सोपा म्हणा. पण पुढे एकच संघ जाणार होता, आणि शेवटच्या सामन्याआधी भारत-थायलंडचे गुण सारखे, गोलफरकही सारखा. 5 जुलै 2025 चा तो सामना थायलंडच्याच चियांग माईत झाला. थायलंड 2015 आणि 2019 चा विश्वचषक खेळलेला. भारताने त्यांना आधी कधीच हरवलं नव्हतं. संगीता बासफोरचे दोन गोल, निकाल 2-1. पात्रता फेरी जिंकून भारत या स्पर्धेत पहिल्यांदाच पोचला. 2022 मध्ये यजमान म्हणून थेट प्रवेश होता. हे यश मुलींनी घाम गाळून मिळवलंय. त्याला नशीब म्हणणं अन्याय आहे.

गुडघ्यांची भीती मात्र खोटी नाही. पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, मुलींमध्ये मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट वेळा फाटतो. बहुतेकदा धक्काही लागलेला नसतो. उडीवरून उतरताना किंवा झटकन वळताना गुडघा आत झुकतो. पण त्यासाठी खेळ सोडायची गरज नाही, वॉर्मअप बदला. मैदानाला दोन चकरा म्हणजे वॉर्मअप नव्हे. ‘फिफा 11+’ हा दुखापती टाळण्यासाठीचा वॉर्मअप वीस मिनिटांचा आहे: 8 मिनिटं सावकाश धावणं, 10 मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, 2 मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून किमान दोनदा. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या मुलींवर याची चाचणी झाली, तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. उड्यांच्या वेळी सरांनी समोर उभं राहावं. गुडघा पावलाच्या रेषेतून आत जातोय का, हे बाजूने दिसत नाही.

मैदान टणक आहे, खरंय. बुटाच्या तळाचे लांब स्टड, म्हणजे खुंट्या, मुरमात रुतत नाहीत, पाय डगमगतो. काळ्या मातीच्या भेगेत अडकला तर घोटा मुरगळतो. आखूड रबरी दाण्यांचे टर्फ बूट घ्या, भेगा बारीक मुरमाने बुजवा, आदल्या संध्याकाळी पाणी मारा. बारा वर्षांपर्यंत 4 नंबरचाच चेंडू द्या.

राहिलं ऊन. मार्च ते मे सराव सकाळी 6 ते 7:30, दर पंधरा मिनिटांनी पाणी. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी झाली की मुलीला लगेच सावलीत न्या. त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका.