हाकललेल्यांना परत आणणारा मतदार बिनडोक नसतो

आज २५ जून. १९७५ साली इंदिरा गांधींच्या सरकारनं लावलेल्या आणीबाणीच्या आठवणींचा दिवस. दरवर्षी न चुकता उगवणारी पोस्ट आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर आलीच. "सत्त्याहत्तरला ज्यांनी बाईंना घरी बसवलं, त्यांनीच ऐंशीला डोक्यावर घेतलं. आपला मतदार असाच, विसरभोळा आणि बिनडोक." खाली अंगठ्यांची रांग. सगळे शिकले-सवरलेले, पदवीधर. तिथे वाद घालून काही होत नाही, म्हणून इथे लिहिते.

बिनडोक? जरा आकडे काढून बघा की. १९७७ ला उत्तर प्रदेशात ८५ पैकी काँग्रेसला शून्य. बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. रायबरेलीत खुद्द इंदिराबाई पडल्या, शेजारच्या अमेठीत संजय गांधी पडले. यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोण बोलणार होतं? जनता पक्षाला २९५ जागा देऊन लोकांनी आपलं काम चोख केलं होतं. पुढचं काम ज्यांचं होतं त्यांनी काय केलं? आपापसात हाणामाऱ्या. जुलै १९७९ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई पायउतार झाले. २८ जुलैला चरणसिंग आले आणि २० ऑगस्टला लोकसभेला तोंडही न दाखवता राजीनामा देऊन मोकळे झाले. मग जानेवारी १९८० ला मतपत्रिका हातात आली, तीवर एक जनता पक्ष आणि दुसरा जनता पक्ष (सेक्युलर). आता सांगा, शहाण्या माणसानं शिक्का कुठे मारायचा होता? 'हे नकोत आणि तेही नकोत' असा रकाना तेव्हा नव्हता. २०१३ पासून 'नोटा' आला, पण विधानसभा-लोकसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याखालचा उमेदवारच निवडून येतो. कुणाला तरी घालवायचं तर कुणाला तरी बसवावंच लागतं, आणि समोर असतील त्यांतूनच.

आणि 'डोक्यावर घेतलं' हे तरी खरं आहे का? १९७७ ला काँग्रेसची मतं साधारण ३४.५ टक्के, जागा १५४. १९८० ला मतं ४२.७ टक्के, जागा ३५३. म्हणजे त्या 'लाटेत'सुद्धा शंभरातल्या सत्तावन्न जणांनी बाईंना मत दिलं नव्हतं. आठ टक्के मतं इकडची तिकडे झाली, विरोधक फुटले आणि जागा दुपटीहून वर गेल्या. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून, अशी आपली पद्धत. तिच्यात तिरंगी लढत झाली की पस्तीस-छत्तीस टक्क्यांवरही गुलाल उडतो. पद्धतीचा हा गुण मतदाराच्या अकलेच्या खात्यात का टाकता?

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ग्रुपवरच्या एकालाही ४४ वी घटनादुरुस्ती आठवत नाही. बाईंना परत घरात घेतलं, पण त्याआधी कपाटाला कुलूप लागलं होतं. ही दुरुस्ती १९७८ ची. आणीबाणी लावायला चालणारं 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून तिथे 'सशस्त्र उठाव' आलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही. महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमतानं मंजुरी लागते. कलम २० आणि २१ (शिक्षेबाबतचं संरक्षण आणि जीवित-स्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही स्थगित होत नाहीत. लोकसभेची सहा वर्षांपर्यंत ताणलेली मुदत परत पाच झाली. ३५३ खासदार घेऊन आलेल्या सरकारच्या काळातही हे कुलूप जागच्या जागी राहिलं. देशांतर्गत कारणासाठी आणीबाणी त्यानंतर एकदाही लागलेली नाही. कुलूप मतदारानं लावलं नाही, संसदेनं लावलं, कबूल. पण ती संसद बसवली कुणी?

हो, लोक विसरतात. खिरापतीवरही मत फिरतं. नाही म्हणत नाही.

पण मग २०२४ चा आपला महाराष्ट्र घ्या. लोकसभेला ४८ पैकी आघाडीला ३०, महायुतीला १७. सहा महिन्यांत विधानसभेला महायुती २८८ पैकी २३०. एका बाजूचे म्हणाले यंत्रात घोळ, दुसऱ्या बाजूचे म्हणाले आमच्या लाडक्या बहिणींना दिलेले पंधराशे रुपये. लोकसभेला दोन्हींच्या एकूण मतांत टक्काभराचंही अंतर नव्हतं, हे कुणी बोलत नाही. निकाल एकतर्फी दिसला, मतं तशी नव्हतीच. विधानसभेला अंतर चौदा टक्क्यांच्या आसपास गेलं, म्हणजे तेव्हा लोक खरोखर हलले. का हलले यावर भांडा, जरूर भांडा. पण दिल्लीसाठी एक आणि मुंबईसाठी दुसरं असं मत देता येतं, एवढी अक्कल त्यांना आहे हे तरी धरून चाला. राजस्थानात १९९३ पासून दर पाच वर्षांनी भाकरी फिरते. २०१३ ला २०० पैकी २१ वर आपटलेली काँग्रेस २०१८ ला सत्तेत बसली आणि २०२३ ला पुन्हा गेली. केरळात तर चाळीस वर्षांची अदलाबदल २०२१ ला लोकांनीच मोडली. सवयीनं फिरवत असते तर तिथेही फिरवलीच असती ना?

आता जरा शांतपणे. हरलेल्या पक्षाला पार गाडून टाकलं की फटका आपल्यालाच बसतो, हे आपण ध्यानात घेत नाही. सभागृहाच्या एक दशांश जागा असतील तर विरोधी पक्षनेतेपद, हा संकेत पहिले लोकसभाध्यक्ष मावळंकर यांच्या काळापासूनचा. लोकसभेत त्यासाठी ५५ लागतात. काँग्रेसकडे २०१४ ला ४४ आणि २०१९ ला ५२ होते, म्हणून दहा वर्षं ते पद रिकामं. भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणारा लोकपाल नेमायचा कायदा संसदेत मंजूर झाला २०१३ ला, पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. मधल्या काळात सरकार सांगत राहिलं की विरोधी पक्षनेताच नाही, मग तो ज्या निवड समितीवर असतो ती बसवायची कशी? आपल्या विधानसभेत तोच संकेत धरला तर २९ हवेत. २०२४ ला विरोधकांतल्या सगळ्यात मोठ्या पक्षाचे २० आले.

म्हणून परत आणणं हा वेडेपणा नाही. पण परत येणाऱ्यांना ती माफी वाटते आणि तिथे माझं डोकं फिरतं! पाच वर्षं घरी बसून तेच चेहरे, तेच कंत्राटदार, तीच मुलं-पुतणे घेऊन उगवतात आणि म्हणतात जनतेला चूक कळली. कुणाची चूक?

यांना परत घ्यायचं की नाही हे भाषणांवरून ठरवू नका. उमेदवाराचं नमुना २६ मधलं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असतं, मागच्या निवडणुकीचंही सापडतं. दोन्ही शेजारी ठेवा. एकूण संपत्ती किती फुगली ते सगळेच बघतात. तुम्ही बायको-मुलांचे रकाने, सरकारी देणी आणि प्रलंबित गुन्ह्यांची कलमं बघा. गुन्हे असूनही तिकीट दिलं असेल तर ते का दिलं, हे पक्षाला नमुना सी-७ मध्ये छापावं लागतं. 'निवडून येऊ शकतो' हे एवढंच कारण चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये बजावलंय. तर पक्ष लिहितात 'समाजकार्याची आवड', आणि पुढच्या उमेदवारालाही तेच चिकटवतात. मग विरोधात असताना तो आमदार काय करत होता ते शोधा. तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं ते) किती, लक्षवेधी सूचना किती, पुरवणी मागण्यांवर (सरकारनं जादा मागितलेल्या खर्चावर) बोलला की नुसता सभात्याग. विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदी खुल्या असतात, वाचायला कंटाळवाण्या असतात एवढंच. ज्यानं पाच वर्षांत एक प्रश्न धड विचारला नाही, तो सत्तेत येऊन उत्तरं काय देणार आहे?