१५ दिवसात गूगलवर पहिला नंबर म्हणे! त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या किनारपट्टीवरच्या होमस्टेवाल्यांच्या आणि आंबा बागायतदारांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. गुहागरच्या ग्रुपवर दिसला, तोच दापोलीच्या ग्रुपवर, आणि परवा मालवणातल्या मित्राने तोच मला पाठवून विचारलं की हे करूया काय रे, बाजूवाल्याने पैसे भरले पण. मेसेजचं म्हणणं असं की वेबसाइट असून गिऱ्हाईक येत नसेल तर खाली दिलेल्या गोष्टी करा, १५ दिवसात गूगलवर पहिला नंबर, १०० टक्के गॅरंटी, आणि जमत नसेल तर आमचं पॅकेज घ्या. मी याच भागातल्या लोकांच्या वेबसाइटी सांभाळतो, त्यामुळे असले मेसेज आले की नंतर निस्तरायला माझ्याकडेच येतात. म्हणून मेसेजमधलं एकेक वाक्य अवतरणात घेऊन त्याचं उत्तर एकदाच लिहून टाकतो.

"पहिला नंबर, गॅरंटी." गूगलने स्वतःच्या मदतपानावर सरळ लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही. तरी गॅरंटीवाले छातीठोकपणे सांगतात कारण त्यात एक मेख असते, नंबर कुठल्या शब्दाला ते आधी सांगत नाहीत. तुमच्या होमस्टेचं पूर्ण नाव टाकून सर्च केलं तर तुम्ही बहुतेक वर दिसणारच, जगात त्या नावाचं दुसरं आहेच कोण? किंवा "गुहागर वरचा पाट घरगुती मोदक एसी रूम" असलं काहीतरी, जे कोणी बापजन्मात टाइप करणार नाही, त्याचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि बिल लावतात. शिवाय तुम्ही स्वतःच्या खळ्यात बसून स्वतःच्या फोनवर "होमस्टे" सर्च केलं तर तुमचंच नाव वर येणार, कारण गूगल जागा बघतं. खरं काय ते बघायचं असेल तर पुण्यातल्या नाहीतर कोल्हापुरातल्या भाच्याला इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या जुन्या सर्चची आठवण न ठेवणाऱ्या खिडकीत, "गुहागर होमस्टे" टाकायला सांगा.

आणि १५ दिवसांचं म्हणाल तर गूगलवाले स्वतः सांगतात की काही बदलांचा परिणाम काही तासांत दिसतो, काहींना कित्येक महिने लागतात. साधारण ४ महिने ते वर्ष धरून चाला असंही त्यांच्याच माणसांनी सांगितलेलं आहे. आंबेवाल्यांनी हे नीट लक्षात घ्या. पेटी मार्चमध्ये निघणार, आणि वेबसाइटची आठवण पण मार्चमध्येच होणार, मग कसं व्हायचं? वेबसाइटचं पान मोहोर यायच्या आधीच तयार पाहिजे, दिवाळीच्या सुमारास. अजून एक चूक सगळीकडे दिसते, दर वर्षी नवीन पान करतात, आंबा २०२३, मग आंबा २०२४, आणि जुनं उडवून टाकतात. असं करू नका. "हापूस आंबा पेटी" असं एकच कायमचं पान ठेवा, त्याचा वेबपत्ता तोच, फक्त भाव आणि तारखा बदलायच्या, सीझन संपला की "यंदाचा आंबा संपला, पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा" असं लिहायचं. वर्षानुवर्षं लोकांनी त्या पानाला दिलेल्या लिंका, त्याची ओळख, हे सगळं त्यालाच जमा होत राहतं.

"मेटा कीवर्डमध्ये १०० शब्द भरा आणि पानाच्या तळाशी पांढऱ्या अक्षरात आजूबाजूच्या सगळ्या गावांची नावं टाका." मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी, आपण रँकिंगला, म्हणजे नंबर लावायला, वापरत नाही असं गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं ही तर उघड फसवणूक धरतात. पुढे.

"२ हजारात ५ हजार बॅकलिंक." दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून तुमच्याकडे येणारी लिंक महत्त्वाची असते हे खरंच आहे, म्हणूनच हा धंदा चालतो. पण विकत घेतलेल्या लिंकांविरुद्ध गूगल २०१२च्या एप्रिलपासून, म्हणजे सर्चमधल्या पेंग्विन नावाच्या बदलापासून, हात धुवून मागे लागलंय, आणि २०२२च्या डिसेंबरपासून तर स्पॅमब्रेन नावाची त्यांची यंत्रणा असल्या लिंका शोधून सरळ शून्य धरते. म्हणजे बरं नशीब असेल तर पैसे पाण्यात, आणि वाईट नशीब असेल तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनात, कारवाईची नोटीस. मला सांगा, कुठल्या तरी परदेशी जुगाराच्या साइटवर तुमच्या हेदवीच्या होमस्टेची लिंक कशाला असेल? गूगलला पण तेच वाटतं. त्यापेक्षा गावच्या देवस्थानाची वेबसाइट असेल तर तिथे राहण्याच्या सोयीच्या यादीत नाव टाकायला सांगा, सरकारी पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी असेल तर तिथे तुमची माहिती बरोबर आहे का बघा, राहून गेलेला कोणी प्रवासवर्णन लिहीत असेल तर त्याला विनंती करा. अशा पाच लिंका त्या पाच हजारांना भारी पडतात.

"प्रत्येक शहरासाठी एक पान बनवा, फक्त शहराचं नाव बदला." हे आंबेवाल्यांना फार आवडलेलं दिसतंय. हापूस आंबा पुणे, हापूस आंबा ठाणे, हापूस आंबा नाशिक, चाळीस पानं, आणि आत मजकूर शब्दशः तोच. याला गूगलच्या नियमांत डोअरवे पानं म्हणतात आणि ती स्पॅममध्ये मोडतात. खरंच पुण्याला आणि ठाण्याला वेगवेगळी व्यवस्था असेल, म्हणजे पुण्यात गाडी कुठल्या वारी येते, पेटी घरपोच की ठरलेल्या जागेवरून उचलायची, वाहतुकीचा खर्च किती, तर जरूर दोन पानं करा, कारण मग त्यात सांगण्यासारखं काहीतरी आहे. नाहीतर एकाच पानावर तक्ता द्या, विषय संपला. आणि चाळीस पानं लिहिण्याइतका उत्साह असेल तर तो इथे लावा: हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुम्ही अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी केली असेल तर तो नंबर पानावर लिहा, बाग कुठल्या गावात, कातळावरची की कशी, आंबा गवतात पिकवता का, पेटीत ४ डझन बसतात की ५ आणि कुठल्या वजनाचे, खराब निघाला तर काय करणार. गिऱ्हाईक फोनवर नेमकं हेच विचारतं ना? मग तेच पानावर लिहायचं.

"गूगल मॅपवर वर यायचं असेल तर आम्ही फी भरून करून देतो, आणि धंद्याच्या नावात बेस्ट बीच होमस्टे गुहागर असं जोडा." मॅपवरची नोंद, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल, फुकट आहे. पैसे देऊन तिथे वर जाता येत नाही हे गूगलने स्वच्छ लिहिलंय. तीन गोष्टी बघतात: सर्च करणाऱ्याला हवंय ते तुम्ही देता का, अंतर किती, आणि तुमचं नाव कितपत माहीत आहे. नावात पाटीवर नसलेले शब्द घुसडणं हे नियमाबाहेर आहे, कोणी तक्रार केली तर नाव बदलतात किंवा नोंदच बंद करतात, आणि तक्रार करणारा शेजारीच असतो हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

मॅपचं खरं काम वेगळंच आहे आणि ते कोणी करत नाही. आपल्याकडे पत्ता म्हणजे "खालचा पाट, देवळाच्या मागे", घराला नंबर नाही, त्यामुळे पिन भलतीकडेच पडलेली असते आणि रात्री नऊ वाजता मुंबईची इनोव्हा माडांच्या बेड्यातून कोणाच्या तरी गोठ्याशी जाऊन थांबते. मग पाहुणा चिडतो, आणि दुसऱ्या दिवशी तीन स्टार. तर फोनवर मॅप उघडा, सॅटेलाइटचं चित्र लावा, पिन ओढून बरोबर गाडी आत शिरते त्या गेटवर ठेवा, छपराच्या मधोमध नको. मॅप त्या जागेचा प्लस कोड, म्हणजे पत्त्याऐवजी चालणारा छोटा कोड, पण देतो, तो वेबसाइटवर आणि बुकिंगच्या मेसेजमध्ये टाका. मॅपवरची नोंद तुमचीच आहे याच्या पडताळणीला हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात, त्यात बाहेरचा रस्ता, पाटी आणि आतली जागा एकाच सलग व्हिडिओत दाखवायची, म्हणून आधी पाटी लावा, मग अर्ज करा. पावसाळ्यात बंद ठेवत असाल तर तात्पुरतं बंद अशी खूण करा आणि उघडताना आठवणीने काढा, ही खूण काढायची राहिली म्हणून दिवाळीचं अर्धं बुकिंग गेलेली माणसं आहेत.

"नातेवाइकांकडून एका रात्रीत ५० फाइव्ह स्टार घ्या, पाहुण्यांना रिव्ह्यू दिला तर १० टक्के सूट द्या." दोन्ही नियमाविरुद्ध. खोटे रिव्ह्यू काढून टाकतात, आणि काही काळ नवीन रिव्ह्यू घेणंच बंद करू शकतात. सूट देऊन घेतलेला रिव्ह्यू पण त्यातच येतो, भले पाहुणा खरा असू दे. आणि जानेवारी ते मार्च एकही नाही आणि एका रात्रीत बोरिवलीतून ५०, हे कोणाच्याही लक्षात येतं हो. निघताना प्रत्येक पाहुण्याला लिंक पाठवा, चांगला-वाईट निवडू नका, आणि आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्या. वाईटाला तर नक्की द्या, भांडण न करता, कारण ते उत्तर पुढचा पाहुणा वाचत असतो.

"होमपेजवर जास्तीत जास्त एचडी फोटो टाका, गूगलला आवडतं." गूगल आता सगळ्या वेबसाइटी मोबाईलच्या नजरेने बघतं, २०२३मध्ये ते काम पूर्ण झालं. फोनमधून काढलेला एकेक फोटो ४-५ एमबीचा, असे तीस फोटो होमपेजवर, आणि बघणारा माणूस कुंभार्ली घाटात गाडीत बसलाय, रेंज येतेय जातेय, तो थांबणार आहे का? फोटो लहान करून टाका, पेजस्पीड इन्साइट्स नावाचं गूगलचंच फुकट साधन आहे त्यात पत्ता टाकून बघा. आणि रेटकार्ड, जेवणाचा मेनू हे फोटो म्हणून टाकू नका, साधा मजकूर लिहा, म्हणजे सर्चमध्ये पण सापडेल आणि पाहुण्याला बोटांनी ताणून वाचावं लागणार नाही.

"रोज एआयने एक ब्लॉग टाका, १०० ब्लॉग झाले की ट्रॅफिक आपोआप." एआयने लिहिलं म्हणून गूगल शिक्षा करत नाही, ते त्यांनी २०२३मध्येच सांगितलंय. पण रँकिंगसाठी ढिगाने निकामी मजकूर ओतणं हे मार्च २०२४पासून स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन आलंय, मग तो एआयने लिहिलेला असो नाहीतर भाड्याच्या माणसाने. आणि "कोकण म्हणजे निसर्गाची मुक्त उधळण" हे वाक्य आणखी एका वेबसाइटवर वाढल्याने कोणाचं भलं होणार आहे?

तुम्हाला जे माहीत आहे ते कुठल्याच मशीनला माहीत नाही, ते लिहा ना. दापोलीकडून येणाऱ्याने दाभोळ-धोपावे फेरीबोट घेतली तर चिपळूणचा वळसा वाचतो, गाडी बोटीत चढते, शेवटची बोट कितीला, सुट्टीच्या दिवशी रांग कुठवर जाते. पुढे गणपतीपुळ्याला जायचं तर तवसाळ-जयगड बोट. हेदवीच्या बामणघळीत पाणी उडतं ते भरतीला, ओहोटीला गेलात तर नुसते खडक बघून याल, मग भरतीची वेळ कशी काढायची. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ताटात काय मिळेल आणि काय मिळणार नाही. तुमच्याकडे कुठल्या कंपनीची रेंज येते, कारण वर्क फ्रॉम होमवाले पहिला प्रश्न तोच विचारतात. म्हातारी माणसं असतील तर पायऱ्या किती. गेल्या महिन्याचे व्हॉट्सअ‍ॅप उघडा, पाहुण्यांनी विचारलेले प्रश्न काढा, प्रत्येकाचं नीट उत्तर लिहा, वर्षाला अशी दहा पानं झाली तरी पुष्कळ झालं. आणि पानाच्या शीर्षकात नुसतं "होम" नाहीतर "वेलकम" ठेवू नका, आजही अर्ध्या वेबसाइटी तशाच आहेत. "गुहागर समुद्राजवळ होमस्टे, शाकाहारी घरगुती जेवण" असं लिहा, सर्चच्या निळ्या ओळीत बहुतेक तेच दिसतं.

"मराठीत लिहू नका, गूगलला मराठी समजत नाही." समजतं. पानाची भाषा कुठली हे ते दिसणाऱ्या मजकुरावरूनच ओळखतं. फक्त अर्धं मराठी अर्धं इंग्रजी एकाच पानावर कालवू नका, दोन वेगळी पानं करा आणि एकमेकांना लिंक द्या. बेंगळुरूचा पाहुणा इंग्रजीत शोधणार, सांगलीची काकू फोनला मराठीत बोलून विचारणार, दोघंही आपलीच गिऱ्हाइकं.

"गूगलला जाहिरात दिली की खालचा फुकटचा नंबर पण वर जातो." नाही जात. जाहिरात बंद, गिऱ्हाईक बंद. सीझनला आठ दिवस जाहिरात द्यायला माझी ना नाही, पण ते खातं वेगळं आणि हे वेगळं.

आता मेसेजच्या शेवटची ओळ, जिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही: "डोमेन, होस्टिंग, मॅप सगळं आमच्याकडेच राहील, तुम्हाला टेन्शन नाही." डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, होस्टिंग म्हणजे ती ठेवायची जागा. वरचं सगळं एकवेळ परवडलं, पण हे नाही. डोमेन त्यांच्या नावावर, मॅपची मालकी त्यांच्या ईमेलवर, आणि पुढच्या वर्षी त्यांनी तिप्पट रेट सांगितला की तुम्ही काय करणार? नाव तुमचं, रिव्ह्यू तुमचे, आणि चावी दुसऱ्याच्या खिशात. डोमेन तुमच्या नावाने आणि तुमच्या कार्डवरून घ्या, बिझनेस प्रोफाइलचे मालक तुम्ही राहा आणि त्यांना फक्त मॅनेजर म्हणून जोडा, सर्च कन्सोलमध्ये पण तसंच, म्हणजे पटलं नाही तर एका क्लिकमध्ये काढता येतं. ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांनी आजच्या आज दोन गोष्टी विचारून घ्या: डोमेन कोणाच्या नावावर आहे, आणि रिन्यूअलची आठवण कोणाच्या मेलवर येते.