सुगंधी पाइनच्या पोत्याबद्दल तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय सबंध वाचला. गोव्यात मांद्र्याच्या व्हिलात शेकोटीसाठी आमच्याकडून ‘सुगंधी पाइन’चं पोतं मागवलंत. धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरले, ठिणग्या उडाल्या, बांगड्यांना टर्पेंटाइनचा वास लागला, जाळी काळीकुट्ट झाली आणि तासाभरात निम्मं पोतं संपलं, असं तुम्ही म्हणता. पोतं थेट किनाऱ्यावर पोचवायला आमच्या मुलाने नकार दिला, हाही राग आहे. आणि शेवटी लिहिलंय की समोर समुद्रकाठी उभी असलेली पाइनची झाडं तोडून आम्ही तीच पाहुण्यांना महागात विकतो.

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते आमच्या वखारीच्या नावावर येतं.

मांद्रे, मोरजीपासून खाली गालजीबागपर्यंत किनाऱ्याला जी उंच, बारीक पानांची झाडं दिसतात ती सुरूची. लांबून पाइनसारखी वाटतात, पुष्कळ पाहुणे त्यांना पाइनच म्हणतात. पुढच्या वेळी खाली पडलेली एक हिरवी काडी उचलून ओढून बघा. ती पेरापेरावर सुटते, कारण ती पान नाहीच, ती बारीक फांदी आहे. खरी पानं म्हणजे पेरांवरचे इवलेसे खवले. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्याने येतात आणि अशा सुटत नाहीत. सुरूच्या लाकडात राळ नसते, त्यामुळे तो वासही नाही. सुरू जळतं मात्र उत्तम, जड आणि कडक आचेचं. तरीही किनाऱ्यावरचं सुरू आम्ही आणत नाही. ती झाडं वारा आणि वाळू अडवायला लावलेली आहेत, आणि गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. सुरूच काय, समुद्राने किनाऱ्याला टाकलेला ओंडकासुद्धा आमच्या आवारात येत नाही. खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड जाळलं की त्यातल्या क्लोरीनमुळे डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात.

पाइन गोव्यात आपोआप उगवत नाही. आमचं पाइन बेळगावकडच्या पेट्या आणि फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यांतून येतं: सदर्न यलो पाइनच्या, भट्टीत सुकवलेल्या फळ्यांचे कापतुकडे. मालाच्या जुन्या पेट्या आणि पॅलेट फोडून कुणी स्वस्तात पाइन देतं, ते आम्ही घेत नाही. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो आणि शेजारी दोन अक्षरं. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलेलं असतं, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी, कीडनाशक वायूची धुरी दिलेली असते. शिवाय त्या पॅलेटवर काय काय सांडलंय ते कुणाला माहीत? हिरवट झाक असलेलं पाइन तर चुकूनही चुलीत घालू नका. त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असू शकतं, आणि त्याची राखही विषारी असते.

आता वासाबद्दल. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं लांबेल.

पाइनचा वास राळेतून येतो. राळेतला उडून जाणारा भाग म्हणजे टर्पेंटाइन. त्यातली पायनिनसारखी द्रव्यं साधारण १५० ते १८० अंशांच्या दरम्यान वाफ होतात, आणि लाकूड पेटण्याआधी ती बाहेर पडली की तो गोडसर, जंगली वास अंगणभर पसरतो. पण तेच लाकूड मोठ्या ज्वाळेत टाकलं की वासाची द्रव्यं ज्वाळेतच जळून जातात. मागे उरते जड राळ. तिला पुरेशी हवा मिळाली नाही की दाट काळा धूर निघतो. ही काजळी इतकी बारीक आणि गडद असते की चीनमध्ये शेकडो वर्षं पाइनच्या काजळीपासून लिहायची शाई बनवत आले आहेत. तुमची जाळी काळी झाली ती ह्याच काजळीने.

म्हणजे पाइन जितकं जास्त जाळाल तितका वास कमी आणि धूर जास्त. देवघरात धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर आपण धूप चिमूटभर घालतो, तसंच हे वापरायचं असतं. शेकोटी पेटवायची ती अकेशियाची किंवा काजूच्या जुन्या, सुक्या लाकडाची. खाली नारळाची सोडणं आणि चुडतं (सुक्या झावळ्या), वर मनगटाएवढे फाटे, मध्ये हवेला वाट. अर्ध्या-पाऊण तासाने निखारे लाल झाले की पाइनची एखादी ढलपी कडेला ठेवायची, मधोमध नाही. ती आधी तापते, वास सोडते, मग हळूहळू पेट घेते. ती संपत आली की दुसरी. अशा वापराने एक पोतं चार-पाच संध्याकाळी पुरतं.

तुमच्या फोटोत पोत्यातलं निम्मं पाइन एकावर एक रचून एकदम पेटवलेलं दिसतं, आणि बाकीचं पोतं हिरवळीवर उघडं पडलेलं. हे दिवस दंवाचे. आमच्याकडून लाकूड निघतं तेव्हा मीटरवर ओलावा २० टक्क्यांच्या खाली बघूनच पोतं शिवतो, पण रात्रभर उघड्यावर राहिलं की बाहेरचा थर पुन्हा ओला होतो. शंभर अंशांवरच्या एक लिटर पाण्याची वाफ करायलाच सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. ती उष्णता शेकोटीतून जाते, जाळ थंड पडतो आणि राळ अर्धवट जळते. गोव्याच्या पावसाळ्यात तर उघड्यावर ठेवलेलं लाकूड वाळतच नाही, म्हणून आमचं सगळं जळण मे महिना संपायच्या आत शेडमध्ये जातं.

लवकर संपण्याचं कारणही सरळ आहे. सुक्या पाइनचा घनमीटर जेमतेम ५०० ते ६५० किलो भरतो, सुरूचा ८०० च्या वर. किलोमागे उष्णता जवळपास सारखीच, पण हलकं आणि राळेचं लाकूड ती भराभर देऊन टाकतं. रात्रभर ऊब हवी असेल तर पाइन विकत घेऊच नका, असं मी गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगते.

तुम्ही असंही लिहिलंय की अमेरिकेत मातीच्या शेगडीत पिन्यॉन नावाचं तिथलं पाइन जाळलं होतं, त्याच्या वासापुढे हे काहीच नाही. पिन्यॉनचा वास अप्रतिम असतो, यात वाद नाही. ते न्यू मेक्सिकोचं राज्यवृक्ष आहे. कोरड्या डोंगराळ मुलखात अतिशय सावकाश वाढतं, म्हणून इतर बऱ्याच पाइनपेक्षा घट्ट असतं. शिवाय ती शेगडी, चिमिनिया, हिला वर निमुळतं नळकांडं असतं. हवा खालून ओढली जाते आणि धूर डोक्यावरून निघून जातो. उघड्या खड्ड्यात ती सोय नाही. पिन्यॉनचं आपल्याकडचं भावंड म्हणजे किन्नौरचा चिलगोजा. ज्याच्या बिया सुक्यामेव्याच्या दुकानात सोन्याच्या भावाने जातात ते झाड जळणासाठी कुणी तोडू नये, आणि कुणी तसं विकत असेल तर घेऊ नये.

पाइन निवडताना स्वतः बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, माझ्याही नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: सुकं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द. टोकांना बारीक भेगा हव्यात. मधाच्या रंगाच्या रेघा आणि गाठी जिथे दिसतील तिथे राळ जास्त, म्हणजे वासही जास्त. तिथे नखाने किंवा सुरीने खरवडून हुंगा. फिकट, पांढरट, एकसारखा तुकडा सुकलेला असतो, पण वासाला फुसका. आणि बोटाला चिकटणारी, ओली राळ सगळीकडून झिरपत असेल तर तो तुकडा अंगणातल्या शेकोटीलाही नको, तडतडून ठिणग्या उडवील.

मासळीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. पाइनच्या जाळावर बांगडा भाजू नये. पोत्यावर मराठी, कोंकणी आणि इंग्रजी तिन्हींत तसं छापलेलं आहे, पण पोतं व्हिलाच्या केअरटेकरने उतरवून घेतलं होतं, त्यामुळे ते तुमच्या नजरेला पडलं नसावं. तुम्ही म्हणता परदेशात पाइनवर शिजवतात. खरं आहे. जर्मनीत कोबुर्गला सॉसेज पाइनच्या सुक्या बोंडांवर भाजतात, आणि चीनच्या वुयी डोंगरात लापसांग सूचाँग चहा पाइनच्या धुरावर सुकवतात. पण तिथे बोंडं वाळून उघडलेली असतात, चहाची पत्ती जाळापासून दूर असते आणि ते काम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आली आहेत. आपल्या जाळीवर तेल सुटणारा मासा थेट राळेच्या ज्वाळेवर येतो. आपल्या मासळीला करवंट्यांच्या निखाऱ्यांसारखं दुसरं काही नाही: धूर नाही, धग एकसारखी, आणि दर घरी फुकट. काजूची टरफलं मात्र टाळा. त्यांतल्या तेलाने कातडीला फोड येतात, आणि धूरही घसा-डोळ्यांना झोंबतो.

ठिणग्या राळेच्या आणि पाण्याच्या बंद कप्प्यांतून उडतात. पाइनमध्ये त्या थोड्या उडणारच. म्हणून झावळ्यांच्या छपरापासून शेकोटी लांब हवी आणि बाजूला पाण्याची बादली भरलेली. धूर व्हरांड्यात शिरला त्याला वारा कारण. संध्याकाळी समुद्राकडचं वारं अजून चालू असतं, आणि तुमची शेकोटी घराच्या पश्चिमेला होती. रात्री उशिरा वारं फिरून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतं. थोडं उशिरा पेटवलं, किंवा घराच्या पूर्वेला, तर हा त्रास होत नाही.

किनाऱ्यावर पोतं पोचवायला नकार दिला तो मुलाने माझ्या सांगण्यावरून दिला, आणि यापुढेही देईल. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं रात्री वाळूतून बाहेर पडतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे चालत सुटतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. शेकोटी पेटली की पिल्लं तिच्याकडे वळतात. लोक जाताना निखाऱ्यांवर वाळू लोटतात, तीही आत कितीतरी वेळ तापलेली राहते, आणि सकाळी अनवाणी येणाऱ्या रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा, पाय तिथेच पडतो. निखारे पाण्यानेच विझवायचे.

डास पळाले नाहीत, हीही तक्रार आहे. पाइनच्या धुराने डास पळतात असं आम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

पैसे परत मागितले आहेत. वापरलेल्या लाकडाचे परत करता येणार नाहीत, कारण माल सुका आणि सांगितला तोच होता. पण उरलेलं निम्मं पोतं कोरडं असेल तर केअरटेकरकडे ठेवा. आमचा मुलगा येऊन वजन करील आणि तेवढ्या किमतीचं अकेशिया देईल, किंवा तेवढे पैसे. पाचसहा ढलप्या मात्र स्वतःकडे ठेवून घ्या आणि अकेशियाच्या निखाऱ्यांवर एक एक करून बघा. सोबत करवंट्यांचं एक छोटं पोतं माझ्याकडून, मासळीसाठी. रविवारी दुपारनंतर वखार बंद असते, एरवी सकाळी आठपासून कधीही फोन करा.