सेंट थॉमस कॅथीड्रल : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. मुंबईच्या फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, मी चर्चचं साल १६७६ दिलं ते चूक. दोन, ‘साहेबाच्या चर्चचं एवढं कौतुक कशाला, त्यात आपलं काय?’

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. १६७६ मध्ये गव्हर्नर ऑन्जियरने फक्त काम सुरू केलं. पुढच्या वर्षी तो सुरतेत वारला आणि अर्धवट भिंती चाळीसेक वर्षं तशाच उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब हा पाद्री वर्गणीच्या मागे लागला, तेव्हा कुठे १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र भांडणार. त्या नाताळात तिथे कोण आलं होतं? रामा कामती. १७१५ मध्ये वाळकेश्वरचं देऊळ पुन्हा बांधवणारा शेणवी व्यापारी, तोच. आपल्या जातभाईंना घेऊन आला आणि उपासना संपेपर्यंत थांबला, असं खुद्द कॉबनेच लिहून ठेवलंय. त्याच वर्षी खांदेरीच्या जलदुर्गावर कान्होजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराला हात हलवत परत पाठवलं होतं. खापर फोडायला कुणाचं तरी डोकं हवंच. १७२० मध्ये आंग्र्यांना फितूर म्हणून याच रामा कामतीवर खटला भरला. १७२८ मध्ये तो कैदेतच मेला. खटल्यात पुढे केलेला पत्रांचा पुरावा बनावट होता, हे पुढे उघड झालं. चर्च उघडलं तेव्हा गव्हर्नर चार्ल्स बून, खटल्याच्या वेळीही बूनच! आता सांगा, ही गोष्ट साहेबाची की आपली?

आणि दगड खोटं बोलतात, हे मलाही कळतं हो. आत गव्हर्नर डंकनचं स्मारक आहे. त्यात दोन पोरांच्या हातातल्या पट्टीवर बनारस आणि काठेवाडातली बालहत्या (म्हणजे नवजात मुलींना मारणं) बंद झाल्याचं कोरलंय. झाली होती का? १८७० मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला!

दाराबाहेरचं कारंजं तर कावसजी जहांगीर रेडिमनींच्या, म्हणजे एका पारशाच्या पैशातलं.

तुम्ही न घेतलेला एक आक्षेप मात्र मीच घेतो. इमारतीवर पानंच्या पानं लिहिली आणि उपासकांना दोन ओळींत गुंडाळलं. एके काळी इथे हुद्द्याप्रमाणे जागा ठरलेल्या असत. १९७० पासून हे चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या भारतीय प्रोटेस्टंट चर्चसंघाचं आहे आणि बाकांवर इथलीच माणसं बसतात. पुढचा लेख त्यांच्यावर.