लेस सुटते ती पोरांच्या धांदरटपणामुळे नव्हे

जून उजाडला, शाळेचे नवे बूट घरात आले की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला या ना त्या शब्दांत फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: बुटाची लेस सारखी सुटते याचं कारण निष्काळजीपणा. नीट बांधलेली लेस आपोआप सुटत नाही. घट्ट आवळा, दोनदा गाठ मारा, स्वस्तातली लेस वापरू नका, आणि मुलांना वेळीच वळण लावा.

मी शाळेत खेळ शिकवते. या सल्ल्याची किंमत मुलं कशी मोजतात ते मला मैदानावर दिसतं. धावताना लेस सुटली की आधी ओरडा बसतो आणि मग लेस बांधायला वेळ मिळतो. प्रार्थनेच्या रांगेत लेस लोंबताना दिसली की डायरीत शेरा येतो. त्याच मुलाची लेस दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटते, कारण त्याला कोणी गाठ दाखवलेलीच नसते. त्याच्या वाट्याला आलेली असते फक्त बोलणी. म्हणून या सल्ल्यातला एकेक मुद्दा इथे तपासून बघते.

‘नीट बांधलेली लेस आपोआप सुटत नाही’

सुटते. कोणी ओढली नाही, कशात अडकली नाही, पायाखाली आली नाही, तरी सुटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या यंत्र अभियांत्रिकी विभागात ऑलिव्हर ओरायली, ख्रिस्टोफर डेली-डायमंड आणि क्रिस्टीन ग्रेग या तिघांनी नेमका हाच प्रश्न हातात घेतला. त्यांचा शोधनिबंध २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. ग्रेग स्वतः ट्रेडमिलवर धावल्या आणि त्यांच्या बुटाचं चित्रण सेकंदाला ९०० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याने केलं गेलं.

त्यात दिसलं ते असं. धावताना पाय जमिनीवर आदळतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट जोराचा धक्का गाठीला बसतो. त्या धक्क्याने गाठ क्षणभर ताणली जाते आणि लगेच सैलावते. त्याच वेळी पुढे-मागे झुलणाऱ्या पायामुळे लेसची मोकळी टोकं हवेत फटकारली जातात आणि गाठीतला दोरा बाहेर ओढत राहतात. धक्का गाठ सैल करतो, हिसका टोक ओढतो. पुष्कळ वेळ काहीच घडलेलं दिसत नाही. मग टोक थोडं सरकलं की ते आणखी लांब होतं, लांब झालं की आणखी जोराने ओढतं, आणि काही सेकंदांत अख्खी गाठ मोकळी होते. ‘आत्ता तर नीट होती’ असं पोर म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. दोन मिनिटांपूर्वी ती खरोखरच नीट होती.

या प्रयोगातला मला सगळ्यात आवडलेला भाग फार साधा आहे. टेबलाच्या कडेवर बसून नुसते पाय झुलवले, तर लेस सुटली नाही. एका जागी उभं राहून नुसते पाय आपटले, तरी सुटली नाही. दोन्ही एकत्र झालं, म्हणजे माणूस चालू किंवा धावू लागला, तेव्हाच सुटली. वर्गात बाकावर बसलेल्या मुलाची लेस दिवसभर टिकते आणि मधल्या सुट्टीत मैदानावर सुटते, ती याच कारणाने. म्हणजे ज्या मुलाला लेस सुटल्याबद्दल आपण बोलतो, ते बहुधा सगळ्यांत जास्त पळणारं मूल असतं.

‘घट्ट आवळा’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. गाठ घट्ट असणं वेगळं आणि बूट आवळलेला असणं वेगळं. गाठ शेवटी दोन्ही बाजूंनी नीट ओढून बसवावी, ते बरोबर. घट्ट बसलेली गाठ जास्त टिकते. पण मुलं आणि मोठी माणसंही ‘घट्ट’ ऐकलं की सगळी लेस खालपासून वरपर्यंत करकचून ओढतात. त्याने पाऊल आवळलं जातं. पावलाच्या वरच्या अंगाला, बोटं वर उचलणारे स्नायूबंध जिथून जातात तिथे दाब येतो. दुखतं, बोटांना मुंग्या येतात, आणि लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांच्या तिथे सूजही येते. इतकं सोसून गाठ चुकीच्या जातीची असेल तर ती सुटायची ती सुटतेच.

‘निष्काळजीपणा’

आता मूळ मुद्दा. सल्ला देणारे गृहीत धरतात की बुटाची गाठ एकच असते आणि ती कोणी नीट मारतो, कोणी ढिली. प्रत्यक्षात बाहेरून जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी आहेत आणि त्यांच्या टिकण्यात मोठा फरक आहे.

लेस बांधताना आपण दोन कामं करतो. आधी दोन टोकांची अढी घालून ती ओढून घेतो. मग एका टोकाचा फास करून त्याभोवती दुसरं टोक फिरवतो आणि फूल बांधतो, म्हणजे सुरगाठ मारतो. अढी दोन तऱ्हांनी घालता येते: डावं टोक उजव्यावरून किंवा उजवं डाव्यावरून. फासाभोवतीचा वेढाही दोन तऱ्हांनी घेता येतो. एकूण जोड्या झाल्या चार. त्यातल्या दोन जोड्यांत वरचा पीळ खालच्या पिळाच्या उलट दिशेचा असतो. ती रीफ नॉट. उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही पीळ एकाच दिशेचे पडतात. ती ग्रॅनी नॉट. बर्कलीच्या प्रयोगांत दोन्ही गाठी सुटल्या एकाच रीतीने, पण ग्रॅनी फार लवकर, आणि रीफ पुष्कळदा शेवटपर्यंत टिकली.

असं का व्हावं, याचं उत्तर त्या तिघांना तेव्हा देता आलं नव्हतं, आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलंही होतं. उत्तराच्या दिशेने मोठं पाऊल पडलं २०२० मध्ये. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या विशाल पाटील, जोसेफ सँड, मथियास कोले आणि यॉर्न डुंकल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात गाठींच्या मजबुतीचं गणित मांडलं. ताण पडला की रंग बदलणारे धागे वापरून त्यांनी गाठीच्या पोटात ताण कुठे आहे ते डोळ्यांना दिसेल असं केलं. गाठ ओढली की आतला दोरा स्वतःभोवती पिळतो. शेजारच्या वळणांवर हे पीळ परस्परविरुद्ध असतील तर दोरे एकमेकांना घासून अडवतात. पीळ एकाच दिशेचे असतील तर दोरे एकमेकांवरून गडगडत सरकू शकतात. वळणं तितकीच, दोरा तोच, तरी एक गाठ धरून ठेवते आणि दुसरी सोडून देते.

यात काळजी आणि निष्काळजीपणा यांचा संबंध कुठे आला? मूल लेस बांधायला शिकतं तेव्हा अढी कोणाकडून तरी शिकतं, फूल कोणाकडून तरी. शिकवणारा कधी समोर बसून दाखवतो, कधी पाठीमागून हात धरून. समोरून दाखवलं की डावं-उजवं उलटं दिसतं. अशा शिकण्यातून कुठली जोडी हाताला बसेल हे नशिबावर आहे. एकदा हात बसला की माणूस जन्मभर तीच गाठ मारतो आणि दोन्ही बुटांवर तीच मारतो. ग्रॅनी हाताला बसलेलं मूल कितीही मन लावून बांधू दे, त्याची लेस सुटणार. रीफ बसलेल्या मुलाची लेस घाईत बांधूनही सहसा सुटणार नाही, आणि त्याला आपण नीटनेटकं म्हणणार.

सगळ्यात जास्त चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे ही माहिती शाळेत आहेच. स्काउट-गाइडच्या तासाला पहिल्या काही गाठींत रीफ नॉट शिकवतात: उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. प्रथमोपचारात त्रिकोणी पट्टी बांधायला तीच वापरतात, कारण ती सपाट बसते, टोचत नाही आणि हवी तेव्हा सोडवता येते. मुलं परीक्षेपुरती ती दोरीवर अचूक मारून दाखवतात आणि स्वतःच्या बुटावर ग्रॅनी बांधून मैदानात येतात. बुटावरचं फूल म्हणजे फास ठेवून मारलेली तीच गाठ आहे, हे त्यांना सांगायचं राहून जातं.

आपली गाठ कुठली ते बघायला काहीही लागत नाही. लेस बांधा, थोडं चाला आणि वरून बघा. फुलाचे दोन फास बुटावर आडवे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे असे पसरले असतील तर रीफ. एक फास बोटांकडे आणि दुसरा घोट्याकडे वळला असेल तर ग्रॅनी. खात्री पटत नसेल तर दोन्ही फास धरून ओढत राहा. टोकं गाठीतून आरपार निघतील आणि मागे साधी निरगाठ उरेल. तिच्यात प्रत्येक बाजूची दोन्ही टोकं एकमेकांना लागून सरळ बाहेर येत असतील तर ती रीफ. टोकं वेडीवाकडी, आडवी निघत असतील तर ग्रॅनी.

ग्रॅनी निघाली तर फूल बांधायची सवय मोडायच्या भानगडीत पडू नका, ती हाताच्या हाडांत मुरलेली असते. फक्त सुरुवातीची अढी उलटी घाला. आजवर डावं टोक वर घेत असाल तर उजवं घ्या. पुढचं सगळं पूर्वीसारखंच. सुरुवातीला हात चुकतात, मुलांचे मोठ्यांपेक्षा कमी चुकतात.

‘स्वस्तातली लेस’

यात थोडं तथ्य आहे, पण किमतीत नाही. नायलॉन किंवा पॉलिस्टरची गोल, गुळगुळीत लेस महागड्या बुटातही येते आणि ती घसरते. सुती चपटी लेस स्वस्त असली तरी गाठ धरून ठेवते. वेगवेगळ्या लेसमध्ये टिकण्याचा फरक असेल, पण सुटण्याची क्रिया तीच राहते, असंच बर्कलीच्या मंडळींचंही म्हणणं आहे. किमतीपेक्षा लांबीकडे लक्ष द्यावं. त्यांनी लेसच्या टोकांना वजनं लावून बघितलं तेव्हा गाठी जास्त प्रमाणात सुटल्या. फार लांब टोकंही अशीच जास्त ओढ देतात, शिवाय पायाखाली येतात. सरकत्या जिन्यावर किंवा गर्दीच्या वेळी रेल्वेच्या पुलावर अशी टोकं लोंबणं धोक्याचं आहे. फूल बांधून उरलेली टोकं जमिनीला टेकत असतील तर आखूड लेस आणा.

‘दोनदा गाठ मारा’

फुलाच्या फासांची पुन्हा एक गाठ मारली की लेस जास्त वेळ टिकते, हे मान्य. पण खाली ग्रॅनी असेल तर तिचं वाकडं बसणं तसंच राहतं. आणि सुरगाठ बांधायची ती एका टोकाला ओढताच सुटावी म्हणून. दुहेरी बांधून आपण तिची निरगाठ करतो. जुलैमध्ये मैदानावरून भिजून आलेल्या पहिली-दुसरीच्या मुलांना बघा. ओली सुती लेस फुगलेली असते, गाठ दगडासारखी झालेली असते, इवल्या बोटांना ती उकलत नाही. मग मूल टाच दाबून बूट तसाच ओढून काढतं आणि दुसऱ्या दिवशी न सोडवता त्यातच पाय कोंबतं. महिन्याभरात बुटाची मागची बाजू बसते. त्यावरही पुन्हा बोलणी मुलालाच.

जास्त पकड हवी असेल, धावायचं असेल, सह्याद्रीतल्या एखाद्या गडावरून उतरायचं असेल, तर याहून चांगला मार्ग आहे. फूल बांधताना फासाभोवती टोकाचा एकाऐवजी दोनदा वेढा घ्या आणि मग दुसरा फास त्या वेढ्यांतून ओढून काढा. वाढलेल्या वेढ्यामुळे घर्षण वाढतं. तरीही टोक ओढलं की गाठ सुटते, नखं लावावी लागत नाहीत. उतारावर याचा विशेष उपयोग होतो, कारण तिथे लेस ढिली पडली की पाऊल पुढे सरकतं आणि बोटांची नखं बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात.

या सल्ल्याच्या उलट टोकाचा दावाही हल्ली ऐकू येतो: अढी उलटी घाला आणि आयुष्यात लेस सुटणार नाही. तेही खरं नाही. रीफ टिकते जास्त, पण धक्का आणि हिसका तिलाही चुकलेले नाहीत. प्रयोगात तीही काही वेळा सुटली. लांब धावायच्या आधी वेढा वाढवणं आणि टोकं फुलाखालच्या लेसमध्ये खोचणं हे करावंच. आणि ज्यांना वाकता येत नाही, ज्यांची बोटं सांधेदुखीने आखडली आहेत, त्यांनी लेसच्या मागे लागू नये. वेल्क्रोचा पट्टा त्यांच्यासाठी उत्तम आहे. लहान मुलांना मात्र मी तो सुचवत नाही. आमच्या मातीच्या मैदानावर त्याच्या आकड्यांत धूळ आणि गवत भरतं आणि वर्ष संपायच्या आत तो चिकटेनासा होतो.

शाळांना माझं एकच सांगणं आहे. डायरीत शेरा लिहायच्या आधी त्या मुलाला समोर उभं करून त्याचं फूल आडवं बसलंय की उभं, तेवढं बघा. उभं असेल तर त्याच्या शेजारी बसा, समोर नको, आणि त्याच्याच बाजूने अढी उलटी घालून दाखवा. खेळाच्या पहिल्या तासातली दहा मिनिटं यासाठी पुरतात.