‘ऑपरेटरला दंड लावा, डिफेक्ट बंद होतील’ हे साफ चुकीचं आहे, मुद्द्यावार सांगते

गारमेंट लाईनमधल्या लोकांमध्ये एक मेसेज सध्या जोरात फिरतोय, मला एकटीलाच तो चार जणांनी पाठवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: 10 पैकी 9 डिफेक्ट ऑपरेटरच्या, म्हणजे शिलाई मशीन चालवणारीच्या, हलगर्जीपणामुळे होतात. फायनलला, म्हणजे शेवटच्या तपासणीला, चेकर डबल करा आणि प्रत्येक पीस चेक करा. डिफेक्ट सापडला की त्या ऑपरेटरच्या पगारातून कापा. एक्यूएल (माल पास-नापास करायची मर्यादा) 2.5 म्हणजे अडीच टक्के खराब माल चालतोच, त्यामुळे त्याच्या आत असाल तर टेन्शन घेऊ नका. आणि शेवटी, क्वालिटीच्या फार मागे लागलात तर प्रॉडक्शन पडतं.

मी बरीच वर्षं लाईनवर क्वालिटी बघितलीय, आधी एंडलाईन चेकर, म्हणजे लाईनच्या शेवटी तपासणारी, होते मग इनलाईनला, म्हणजे लाईनच्या आत, आले, आणि हा मेसेज वाचून मला खरंच वाईट वाटलं कारण हे वाचून उद्या कुठेतरी एखादा मॅनेजर हेच करणार आणि सहा महिन्यांनी डिफेक्ट तेवढेच असणार, वर चांगल्या ऑपरेटर सोडून गेलेल्या असणार.

ऑपरेटरचा मुद्दा आधी घेते कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

निटच्या (टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या) कापडाला बारीक भोकं पडलीत, शिवणीच्या कडेने रांगेत, आणि पहिल्या धुण्यानंतर ती मोठी होतात. हे कुणी केलं? शिवलं ऑपरेटरने हे खरं, पण तिच्या मशीनला टोकदार सुई होती जी निटच्या धाग्याला बाजूला न सारता सरळ कापत जाते, तिथे बॉल पॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, सुई लागते. ती सुई ऑपरेटर घरून आणत नाही, स्टोअरमधून मिळते आणि कुठल्या कापडाला कुठली सुई हे वर ठरतं. टाके सुटतात त्याचंही तसंच, सुई वाकलेली असते किंवा हुकचं, लूपरचं (खालून धागा पकडणाऱ्या भागांचं) टायमिंग गेलेलं असतं, आणि मेकॅनिक दोन तास येत नाही पण लाईन थांबवायची परवानगी नाही, मग ती बिचारी तशीच शिवत राहते आणि संध्याकाळी तिच्याच नावापुढे 18 ऑल्टर, म्हणजे दुरुस्तीला परत आलेले पीस, लिहिले जातात. पातळ घट्ट विणीच्या कापडाला शिवणीत चुण्या येतात म्हणजे पकरिंग होतं, त्यात धाग्याचा ताण असतो, जाड धागा असतो, फीड (कापड पुढे सरकवणारा भाग) बरोबर नसतो, कधी तर तेवढ्या घट्ट विणीत धाग्याला मावायलाच जागा नसते म्हणून चुणी पडते. आता यात हलगर्जीपणा कुठे आला?

आणि बरेच डिफेक्ट तर शिलाईच्या आधीच जन्माला आलेले असतात. निटचं थान उघडून त्याला मोकळं सोडावं लागतं, 24 तास ठेवायची पद्धत आहे, कारण गुंडाळताना ते ताणलेलं असतं. घाई आहे म्हणून तसंच ले टाकून, म्हणजे कापडाचे थरावर थर पसरून, कापलं की कापलेले पार्ट नंतर आकसतात, पुढचा पार्ट मागच्यापेक्षा लहान भरतो, आणि साईड सीमला ऑपरेटर तो ओढून ओढून जुळवते कारण तिला बंडल (पार्टचा गठ्ठा) पूर्ण करायचंय. मग फायनलला ‘सीम वळलीय’ म्हणून पीस परत. तसंच ले फार उंच टाकला तर चाकू झुकतो आणि वरच्या थराचा आणि खालच्या थराचा माप वेगळा निघतो, कॉलरची दोन टोकं जुळत नाहीत. वेगवेगळ्या थानांचे पार्ट नंबरिंग न करता एका बंडलमध्ये गेले की एका बाहीचा शेड वेगळा. हे सगळं शिलाईत दिसतं पण शिलाईत झालेलं नसतं!

कापडाचंच घ्या. कापड तपासायची 4 पॉइंट सिस्टीम लाईनवर सगळ्यांना माहीत आहे: 3 इंचापर्यंतच्या दोषाला 1 पॉइंट, 3 ते 6 इंचाला 2, 6 ते 9 ला 3 आणि त्याहून मोठ्याला 4, एका यार्डाला जास्तीत जास्त 4, आणि 100 चौरस यार्डाला 40 पॉइंटची मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरतात. पण माल उशिरा आला म्हणून किती ठिकाणी थानं न तपासताच थेट कटिंगला जातात ते आपापल्या फ्लोअरवर बघा. तिथे वाचवलेला अर्धा दिवस पुढे शिलाईत तीन दिवस खातो.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी जन्मभर क्वालिटीवर काम केलं, आणि त्यांचा अंदाज होता की 94 टक्के अडचणी सिस्टीमच्या असतात म्हणजे मॅनेजमेंटच्या हातातल्या, उरलेल्या 6 टक्के कुठल्यातरी खास कारणामुळे. हा आकडा प्रत्येक फॅक्टरीला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही, पण मेसेजमधल्या ‘10 पैकी 9 ऑपरेटर’च्या हा बरोब्बर उलटा आहे, आणि फ्लोअरवर मी जे पाहिलं ते डेमिंगच्या बाजूचं आहे.

ऑपरेटर चुकतच नाही असंही नाही. बॅकटॅक (शिवण सुटू नये म्हणून टोकाला मागेपुढे मारायचे टाके) विसरते, पीस जमिनीवर पडू देते, मशीन न पुसता पांढरं कापड लावते आणि तेलाचा डाग पडतो. हे होतं आणि ते तिला दाखवून सुधारावं लागतं. पण एक हिशोब करून बघा. एका शर्टला 40 ऑपरेशन धरा आणि प्रत्येक ऑपरेटर 100 पैकी 99 वेळा एकदम बरोबर शिवते असं धरा, म्हणजे कुणीही त्यांना चांगलंच म्हणेल. तरी शेवटी एकही डिफेक्ट नसलेले शर्ट निघतात 100 पैकी साधारण 67. म्हणजे 33 शर्टांत काहीतरी निघणार, आणि लाईनवर एकही हलगर्जी माणूस नाही. तेच प्रत्येक ऑपरेशन 99.9 टक्क्यांवर नेलं तर 96 शर्ट साफ निघतात. हा 99 पासून 99.9 चा प्रवास कुणाला ओरडून होत नाही, त्याला मशीनवर गाईड लागतात, कापड दुमडणारे फोल्डर लागतात, बरोबर फूट आणि नीट पडलेले नॉच, म्हणजे पार्ट जुळवायच्या खुणेच्या चिरा, लागतात.

आता चेकर डबल करायचं. प्रत्येक पीस बघितला म्हणजे प्रत्येक डिफेक्ट सापडला असं धरून चाललेत, पण तसं होत नाही. सकाळी ताज्या डोळ्याने जे दिसतं ते दुपारी चारला दिसत नाही, मी स्वतः त्या टेबलावर उभी राहिलेय, 300 वा पीस हातात येतो तेव्हा हात आपोआप फिरतात आणि नजर कॉलरवरून घसरून जाते. आणि दोन चेकर एकामागे एक उभे केले की पहिली म्हणते पुढची बघेल, दुसरी म्हणते मागचीने बघितलंच असेल.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फायनल टेबल फार उशिरा येतं. आठव्या ऑपरेशनला कॉलर चुकीची लागायला लागली आणि ती शेवटी सापडली तर मधल्या सगळ्या बंडलांत तीच चूक भरलेली असते, शेकडो पीस. ते उसवायचे, आणि सॅटिनसारख्या कापडावर उसवलं तरी सुईची भोकं राहतातच, लेदरवर तर प्रश्नच नाही.

ही गोष्ट कपड्याच्या धंद्यातल्या लोकांना तरी नव्याने सांगायला नको. जपानी संशोधक साकिची टोयोडा यांच्या 1924 च्या टाइप जी मागाला ताण्याचा (उभा) धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जायचं नाही, मग ते शेवटी बसून शोधायचं कशाला. चूक झाली तिथेच थांबा ही जी पद्धत पुढे गाड्यांच्या कारखान्यात गाजली तिचं मूळ मागावरचं आहे, आणि आपण मात्र शिलाई लाईनला अजून शेवटी टेबल टाकून बसतो.

करायचं असेल तर चेकर फायनलवरून उचलून लाईनच्या आत आणा. ट्रॅफिक लाईट पद्धत सोपी आहे, रोव्हिंग म्हणजे फिरत्या चेकरने प्रत्येक ऑपरेटरकडचे 7 पीस न सांगता उचलून बघायचे, सगळे साफ तर हिरवं कार्ड, किरकोळ काही निघालं तर पिवळं, मोठं निघालं तर लाल, आणि लाल म्हणजे मशीन तिथेच थांबलं, कारण शोधलं, ते बंडल पूर्ण तपासलं. पण लाल कार्ड ‘थांबून बघूया’ म्हणून लावायचं, अपमान म्हणून नाही, नाहीतर तीही पद्धत चार दिवसांत मरते.

आणि दंड. हा भाग वाचून सगळ्यात जास्त राग आला.

पगारातून कापायला लागलात की डिफेक्ट कमी होत नाहीत, ते दिसायचे बंद होतात. बंडलची चिठ्ठी हरवते, खराब पीस मधल्या बंडलमध्ये सरकवले जातात, चेकर आणि ऑपरेटर एकाच गाडीने घरी जाणाऱ्या असतात त्यामुळे शीटवर शून्य पडतं, आणि ऑफिसात आलेख बघून सगळे खूश. हे फक्त आकड्यांपुरतं असतं तरी मी गप्प बसले असते, पण सुई तुटते तेव्हाचं काय? नियम असा असतो की तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे गोळा करायचे, रजिस्टरला चिकटवायचे, जुनी दिली तरच नवी मिळते, आणि तुकडा सापडला नाही तर आसपासचा सगळा माल मेटल डिटेक्टरखाली. आता ज्या बाईला माहीत आहे की सुई तुटली सांगितलं की बोलणी बसतील आणि पैसे कापतील, ती काय करेल? ती शेजारणीकडून सुई मागून घेईल. आणि तो तुकडा एखाद्या लहान बाळाच्या झबल्यात जाईल. डेमिंग यांच्या 14 मुद्द्यांत ‘भीती घालवा’ हा एक मुद्दा उगाच नाहीये.

एक्यूएलवाला मुद्दा अर्धवट माहितीतून आलाय. एक्यूएल 2.5 म्हणजे ‘अडीच टक्के खराब द्या, चालेल’ अशी सूट नाही. ही लॉटमधून नमुना काढून पास-नापास ठरवायची पद्धत आहे, 1950 साली अमेरिकन लष्कराच्या एमआयएल-एसटीडी-105ए म्हणून आली, आता आयएसओ 2859-1 मध्ये तीच बघायला मिळते. 1201 ते 3200 पीसचा लॉट असेल तर नेहमीच्या लेव्हल 2 च्या तपासणीला 125 पीस काढायचे, 2.5 ला 7 खराब निघेपर्यंत पास, 8 निघाले की नापास. गंमत नाही, हिशोब करून बघा, ज्या लॉटमध्ये खरंतर 5 टक्के माल खराब आहे तोही या कसोटीतून 10 पैकी जवळजवळ 7 वेळा पास होतो. म्हणजे पास झालो याचा अर्थ माल चांगला होता असा होत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या हातात लॉट जात नाही, एक पीस जातो. वर क्रिटिकल डिफेक्टला, म्हणजे सुईचा तुकडा वगैरे, सहसा शून्यच चालतो. आपल्या फ्लोअरवर बघायचं तर डीएचयू बघा, तपासलेल्या 100 पीसमागे किती डिफेक्ट, आणि एका शर्टात तीन डिफेक्ट असतील तर तीन मोजा, एक खराब पीस म्हणून सोडून देऊ नका, कारण त्या तिन्हींची कारणं वेगळी असणार.

राहिलं प्रॉडक्शन. दिवसाला 1000 पीस निघतात आणि 12 टक्के ऑल्टरला जातात असं धरा, म्हणजे 120 पीस, एकेकाला उसवून शिवून परत तपासायला 10 मिनिटं धरली तर 1200 मिनिटं, म्हणजे 20 तास, म्हणजे आठ तासांच्या शिफ्टला अडीच माणसं दिवसभर फक्त चुका निस्तरत बसलीत. ही अडीच माणसं कुठल्याच रिपोर्टमध्ये वेगळी दिसत नाहीत म्हणून वाटतं की क्वालिटी बघितल्याने प्रॉडक्शन पडलं. शिवाय चालू काम सोडून ऑल्टर घ्यायचा, धागा बदलायचा, परत आपल्या कामाला यायचं, तेवढ्यात पुढची ऑपरेटर रिकामी बसते. नवीन स्टाईल लाईनला टाकताना पहिल्या दिवशी थोडे पीस चालवून बघायचे, मापं घ्यायची, अडलं तिथे सोडवायचं, याला वेळ जातो हे खरं आहे. पण तो वेळ दिला नाही तर तोच दहा पटीने शिपमेंटच्या आदल्या रात्री द्यावा लागतो आणि तेव्हा सगळं पॅकिंग उघडून बसावं लागतं.

मी जिथे होते तिथली एक गोष्ट सांगते. कॉलर एका बाजूला सरकत होती, रोज. तिच्या ऑपरेटरला दोनदा लेखी दिलं, मशीन बदललं, ती रडली पण. तिसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि फक्त विचारलं की तुला काय वाटतं, कुठे चुकतंय. ती म्हणाली, ताई, नेकचा मधला नॉच मध्यावर नाहीये, मी पहिल्या दिवसापासून घडी घालून बघतेय. कटिंगला जाऊन पॅटर्न मोजला तर नॉच खरंच सरकलेला होता. मी तिला विचारलं, मग आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, विचारलं कुणी?